आजोबांच्या ट्रंकेतला फोटो: बाई गेलेली आहे का, आणि तो घरात ठेवावा का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर सांगाल. आजोबा गेल्यावर त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, शेतीच्या कागदांखाली, पुठ्ठ्यावर डकवलेला एक फोटो निघाला. मागे शाईने 1934 लिहिलंय. अंगणात चादर टांगून तिच्यापुढे खुर्ची ठेवलीय, खुर्चीत नऊवारी नेसलेली, नथ घातलेली बाई बसलीय आणि शेजारी पाच-सहा वर्षांचा मुलगा उभा आहे. मुलाचा चेहरा पुसट आलाय. बाईच्या कपाळावर आडवा काळा पट्टा आहे, तो तुम्हाला जखमेसारखा वाटतो. डोळे ब्रशने रंगवल्यासारखे दिसतात आणि हात काळे. इंटरनेटवर वाचून तुम्ही ठरवलंत की बाई मृत आहे. आत्या म्हणतात असला फोटो घरात नको, कन्हान नदीत सोडून या.

मी नागपूरचाच. वडिलांनी 1958 साली महाल भागात स्टुडिओ टाकला, मी 1979 पासून त्यात उभा राहिलो. आता दुकान नाही, घरी बसून जुने फोटो दुरुस्त करून देतो. मयतीचे फोटो मी स्वतः काढलेत आणि लोकांच्या ट्रंकांतून निघालेले शेकडो पाहिलेत. त्या अनुभवावर सांगतो. तुमच्याकडून आलेली प्रत मोबाइलवर काढलेली आहे, मूळ फोटो हातात नाही, त्यामुळे खात्रीने बोलणार नाही. पण अंदाज सांगतो: बाई बहुतेक गेलेलीच आहे. मात्र तुम्ही दिलेली दोन्ही कारणं चुकीची आहेत. खरी कारणं तुम्ही जाता जाता लिहून गेलात.

डोळ्यांपासून सुरू करू. त्या काळी अंगणातल्या सावलीत फोटो काढायचा तर शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात जिवंत माणूस पापणी लववतो आणि डोळे धुरकट येतात. मग रिटचिंग करणारा बारीक ब्रशने बुबुळं काढून द्यायचा. हे काम जिवंतांच्या फोटोंवर कितीतरी जास्त व्हायचं. माझ्या वडिलांकडे त्यासाठी वेगळा ब्रश होता, त्याला दोनच केस उरले होते आणि त्याला हात लावला की मार बसायचा. त्यामुळे काढलेले डोळे पाहून काहीच ठरत नाही. तुम्हाला तपासायचंच असेल तर फोटो खिडकीशी नेऊन तिरपा धरा. कागदाला चमक असते, रंग लावलेल्या जागी ती मरते. मग भिंगाने बघा. काढलेल्या बुबुळाखालून मिटलेल्या पापणीची वळणदार रेघ डोकावत असेल तर डोळे मिटलेले होते. एवढं कळेल. मिटलेले का होते, ते त्यावरून कळणार नाही.

काळे हात हे दुसरं कारण. जुन्या काचेच्या प्लेटला निळा रंग चटकन दिसायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून प्लेटा धुता यायच्या. सगळे रंग नीट पकडणाऱ्या प्लेटा तोवर निघाल्या होत्या, पण त्या ठार काळोखात धुवाव्या लागत आणि महागही पडत, म्हणून लहान स्टुडिओवाले जुन्याच वापरायचे. अशा प्लेटवर उन्हात रापलेला हात आहे त्याहून कितीतरी काळा येतो. हळद लावलेली असेल तर आणखी. मेल्यावर रक्त खाली उतरून अंग काळं-निळं पडतं हे खरं आहे, पण नव्वद वर्षांपूर्वीच्या फोटोतून ते ओळखण्याचा दावा कुणी करत असेल तर त्याला नमस्कार करा आणि पुढे जा.

इंटरनेटवर आणखी एक गोष्ट फार फिरते. पायांमागे लोखंडी स्टँडचा तळ दिसला की म्हणे मृतदेह त्यावर उभा केला होता. ते स्टँड जिवंतांसाठी होतं. डोकं हलू नये म्हणून मानेमागे त्याचा चिमटा टेकवायचे. माणसाचं निर्जीव वजन ते कधीच पेलणार नाही, पहिल्याच क्षणी दोन्ही कोसळतील. युरोप-अमेरिकेत मृतांचे फोटो भरपूर काढले गेले, पण ते बहुतेक बिछान्यावर निजलेले, पेटीत ठेवलेले किंवा आईच्या मांडीवरचे. जुन्या फोटोंच्या बाजारात 'मृत' असं लेबल लागलं की किंमत चढते, म्हणून चांगल्या धडधाकट माणसांनाही तिथे मारून टाकतात.

आता कपाळाकडे या. लाल रंग काळा येतो हे वर सांगितलं. तो पट्टा जखमेचा नाही, तो मळवट आहे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीला न्हाऊ घालून नवं लुगडं नेसवतात, हिरवा चुडा भरतात, ओटी भरतात आणि कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात. तुमच्या आत्यांच्या वयाच्या कुठल्याही बाईने हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार. देवीचा मळवट असतो, लग्नातही भरतात, म्हणून एकट्या मळवटावर मी पैज लावणार नाही. पण घरच्या अंगणात, टांगलेल्या चादरीपुढे, मळवट भरून, हात मांडीवर सैल सोडून बसलेली आणि पाठीशी (नीट बघा, उजव्या खांद्यामागे) उशीचं टोक असलेली बाई लग्नाच्या मांडवातली वाटत नाही.

अंगण हाही पुरावाच आहे. जिवंत माणूस स्टुडिओत जायचा, तिथे रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची, कागदी फुलांची कुंडी असायची. गेलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी स्टुडिओत आणत नसे, आणलं असतं तरी माझ्या वडिलांनी दार उघडलं नसतं. फोटोग्राफरच घरी जायचा आणि घरातली चादर पडदा व्हायची.

आणि तो मुलगा. तो हलला म्हणून पुसट आला. ती लख्ख आलीय. नथीतला मोती न् मोती मोजता येतो असं तुम्हीच लिहिलंय. सेकंदभर उघड्या शटरपुढे इतकं लख्ख कोण येतं? मला जास्तीत जास्त खात्री वाटते ती इथे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1986 च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सातला दुकानाचं शटर अर्धं वर होतं, तेव्हा इतवारीकडचा एक माणूस सायकलवर आला. "बाळाचा फोटो काढून द्या जी, घरी चला." मी याशिका घेतला, एक रोल घेतला आणि निघालो. वाटलं पाचवी किंवा बारसं असेल. दारात चपलांचा ढीग आणि घरात अजिबात आवाज नाही, तेव्हा कळलं. बाळ तीन महिन्यांचं होतं. आई आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. आजीने बाळाला मांडीवर घेतलं आणि उजेडासाठी स्वतःच उंबऱ्याशी सरकून बसली. लाल टोपडं घातलेलं, डोळ्यांत काजळ. मी फोकस करत होतो तर तिने हात वर केला, मला थांबवलं, काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि बाळाच्या गालावर तीट लावली. दृष्ट लागू नये म्हणून लावतात ती. कुणी काही बोललं नाही.

आणि मी सवयीने म्हणालो, "हलू नका हं."

आजही आठवलं की कानशिलं तापतात. आजीने मात्र मान डोलावली, तिला वाटलं मी तिलाच सांगतोय. फ्लॅश नेला होता, पण वापरला नाही. दारातल्या उजेडावर, एक तीसांश सेकंदाने बाराही फोटो काढले. धुतल्यावर बघितलं तर बाराच्या बारा फोटोंत बाळ स्वच्छ होतं, पापणीचा केस दिसत होता. टोपड्यावर ठेवलेला आजीचा हात एकातही स्थिर नव्हता. म्हणून म्हणतो, तुमच्या फोटोतला पुसट मुलगा बघा.

वडिलांचे या कामाचे नियम होते. पैसे मागायचे नाहीत, देतील ते घ्यायचे. फोटो शोकेसमध्ये कधी लावायचा नाही. निगेटिव्ह दुकानात ठेवायची नाही, फोटोबरोबर घरच्यांना द्यायची. हा शेवटचा नियम धंद्याच्या उलट होता, कारण एरवी निगेटिव्ह म्हणजे स्टुडिओवाल्याची शेती, पुढच्या कॉपीचे पैसे त्यावर. ते बाळाचे वडील पंधरा दिवसांनी आले, बारातला एकच फोटो मोठा करून नेला आणि जाताना विचारून गेले, "तीट दिसते न?"

आता मूळ मुद्दा. लोक असे फोटो काढायचेच का? आज ते विचित्र वाटतं, कारण आपल्या खिशात त्या माणसाचे आणखी चार हजार फोटो असतात. त्यांच्याकडे एकही नसायचा. फोटोची कला 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, पुढच्या वर्षी कॅमेरा कलकत्त्याला पोचलासुद्धा. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी त्या पहिल्या फळीतले. (इकडे आमच्या तिसऱ्या रघुजीराजांचं 1853 च्या डिसेंबरात निधन झालं आणि नागपूरचं राज्य खालसा झालं, म्हणजे मुंबईवाले कॅमेऱ्याशी खेळत होते तेव्हा आम्ही भलत्याच सुतकात होतो.) 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत आली. पण फोटोची कला शहरात येणं वेगळं आणि गिरणीतल्या किंवा शेतावरच्या माणसाने बायकोचा फोटो काढणं वेगळं. त्यातून बायकांचा फोटो. फोटोने आयुष्य कमी होतं ही समजूत होती, परपुरुषापुढे तोंड उघडून बसायचं म्हणजे काय हा प्रश्न होता, आणि खर्च होताच. मग एक दिवस ती तापाने किंवा बाळंतपणात जायची आणि घरच्यांच्या लक्षात यायचं की हिचा चेहरा कुठेच राहिलेला नाही. हातात काही तास असायचे. आपल्या उन्हाळ्यात तर तेवढेही नाहीत. मेल्यावर दोन-चार तासांत जबडा आखडायला लागतो, मग बाकीचं अंग, आणि उकाड्यात हे सगळं लवकर होतं. म्हणजे खुर्चीत बसवायचं तर त्याआधी बसवायला हवं. तेवढ्या वेळात कुणीतरी सायकलवर किंवा पायी जाऊन फोटोवाल्याला गाठायचा. तुमच्या घरूनही कुणीतरी गेलं असणार.

युरोपात कारण हेच होतं. मुलं फार मरायची, आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या दर पाचांतलं साधारण एक मूल वर्षाचं होत नसे. तिकडे आधी श्रीमंत लोक गेलेल्या माणसाचं तैलचित्र करवून घ्यायचे किंवा चेहऱ्याचा साचा काढायचे. फोटो त्याहून स्वस्त पडला, म्हणून ही हौस (हौस म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. 1854 साली एका फ्रेंच फोटोग्राफरने लहान कार्डावरच्या फोटोचं पेटंट घेतलं, मग एकाच प्लेटवरून अनेक प्रती निघायला लागल्या आणि दूरच्या नातेवाइकांना पाकिटातून जायला लागल्या. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो 1885 साली गेला तेव्हा नादार या फोटोग्राफरने मृत्युशय्येवरचा त्याचा फोटो काढला, तो फ्रान्समध्ये सन्मानाने पाहिला गेला.

आपल्याकडेही सन्मानाचा भाग होताच. 1 ऑगस्ट 1920 ला टिळकांचं मुंबईच्या सरदारगृहात निधन झालं. लोकांना दर्शन घेता यावं म्हणून त्यांना पद्मासनात बसवलं, दहनही तसंच गिरगाव चौपाटीवर झालं, आणि त्या बसलेल्या अवस्थेतले फोटो आजही छापले जातात. 1956 साली बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून केलं नसतं तर आज आपल्यापुढे काय असतं? नागपुरात कितीतरी घरांत महापरिनिर्वाणाचा फोटो भिंतीवर आहे, त्याला कुणी अशुभ म्हणत नाही. काशीला मणिकर्णिका घाटावर तर मयताचे फोटो काढून देणारे फोटोग्राफर अलीकडेपर्यंत होते, वारसाहक्काच्या कामांनाही तो फोटो लागायचा. आणि लिंगायत घर असेल तर बसलेला देह हा रिवाजच आहे, त्यांच्यात बसवूनच समाधी देतात. म्हणून तुमच्या घराण्याची रीत काय हे मला कळायला हवं. खुर्ची फोटोसाठी होती की रिवाजासाठी, ते त्यावर ठरेल.

मागे जायचं तर वीरगळ काय आहेत? सतीशिळा काय आहेत? देवघरात पूर्वजांचे चांदीचे टाक ठेवून त्यांना रोज गंध लावणारी आपण माणसं. गेलेल्याची खूण घरात ठेवणं आपल्याला नवीन नाही. आणि त्या फोटोच्या कागदावर काळं दिसतं तीही चांदीच आहे. जुन्या फोटोच्या गडद भागावर आरशासारखी चकाकी येते ना, ती हीच चांदी वर सुटलेली.

मग ही पद्धत गेली कशी? लोक सुधारले, भीती वाटायला लागली, असं म्हणतात. माझ्या दुकानातला अनुभव वेगळा. क्लिक थ्रीसारखे स्वस्त कॅमेरे घरोघर आले, शाळेत, लग्नात, ओळखपत्रासाठी प्रत्येकाचा फोटो निघायला लागला आणि मयतीची बोलावणी आपोआप कमी झाली. त्याऐवजी लोक ग्रुप फोटो घेऊन यायचे. "यातला हा तिसरा, याला एकटा काढून मोठा करून द्या, तेराव्याला पाहिजे." कानाशी दुसऱ्याचा खांदा चिकटलेला असायचा, तो खरवडून काढायचा. नव्वदीनंतर पुन्हा थोडी मागणी आली ती परदेशी मुलांसाठी: तिरडीभोवती सगळे उभे, मुलगा अमेरिकेत, त्याला पाठवायचा. आता ते काम व्हिडिओ कॉलवर होतं.

आत्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. फोटोला हार पडणं या शब्दांतच आपल्याकडे काय अर्थ भरलाय ते सगळ्यांना माहीत आहे. गेलेल्यांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीला लावावा, देवांबरोबर लावू नये, हे मीही घरी पाळतो. पण भिंतीवर लावणं आणि घरात असणं यात फरक आहे. हा फोटो कधीच भिंतीवर नव्हता. तो ट्रंकेत होता. कुणाच्या? तुम्ही लिहिता, आजोबांचा जन्म 1928 चा. फोटो 1934 चा. शेजारचा मुलगा पाच-सहा वर्षांचा. हिशेब तुम्ही केला नसेल तर करा, आणि आत्यांना फक्त एवढंच विचारा: तुमची आजी, म्हणजे आजोबांची आई, कधी गेली? त्यांनी तिला पाहिलं होतं का? बहुतेक उत्तर 'नाही' येईल. मग त्या मुलाच्या हातात आयुष्यभर आईचा हा एकच चेहरा होता आणि त्याने तो शेतीच्या कागदांखाली, म्हणजे त्याच्या लेखी सर्वांत सुरक्षित जागी ठेवला. त्यानंतरही आत्यांना नकोच असेल तर तुमच्या घरी ठेवा. नदीत नको. नाग नदीत तर नकोच नको, तिला आधीच पुरेसं आहे.

ठेवायचं ठरलं तर थोडं कामाचं. पुठ्ठ्यापासून कागद सोडवायला जाऊ नका, मागच्या शिक्क्यासकट तो फोटोचाच भाग आहे. ओल्या फडक्याने पुसू नका, सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर कुणी फुकट दिलं तरी नाही. काचेच्या फ्रेममध्ये असून काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेवरूनच फोटो काढून घ्या. स्कॅन 600 डीपीआयवर करा, झाकण दाबू नका. मागे नाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, पुठ्ठ्याच्या कडेला; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. बटर पेपरच्या पाकिटात घालून लोखंडी कपाटात आडवा ठेवा, डांबरगोळ्या लांब. पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा.

आणि एक विनंती. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे असे फोटो घेऊन येणारे निम्मे लोक विचारतात, ॲपवर टाकून डोळे उघडून द्याल का, जरा हसवून द्याल का. एकाने तर आजोबांना डोळा मिचकावायला लावलं होतं. मी डाग काढतो, भेगा बुजवतो, उडालेला काळा परत आणतो. ज्या रिटचरने 1934 साली बुबुळं काढली त्याने घरच्यांच्या सांगण्यावरून काढली, ती मी तशीच ठेवीन. तिचं हसू कसं होतं हे सांगणारं आता कुणी नाही, मग ते मी कुठून आणू?

आता तीन गोष्टी पाठवा: पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूचा फोटो, उजव्या खांद्याजवळचा भाग दिवसाच्या उजेडात जवळून, आणि तिचे पाय दिसत असतील तर अंगठ्यांजवळचा भाग. आपल्याकडे दोन्ही अंगठे एकत्र बांधतात, आणि फोटोपुरतं लुगडं वरून ओढलं तरी कधीकधी सुतळीचं टोक बाहेर राहतं.